पहाटेचा नाही, संध्याकाळचा फेरफटका

आपल्या घरांत माया दाखवायची एक ठरलेली रीत आहे. आई किंवा मावशीचे सांधे दुखायला लागले की आपण म्हणतो, ‘तू बस, मी करते.’ हातातलं जड भांडं काढून घेणं योग्यच. पण आमवात असलेल्या माणसाला दिवसभर बसवून ठेवलं, तर त्याचा हिशोब रात्री झोपेत चुकता होतो.

आधी एक घोळ मिटवू. आपण सगळ्याच सांधेदुखीला ‘संधिवात’ म्हणतो आणि इंदूरचे आपले शेजारी ‘गठिया’. वयानुसार गुडघ्याची होणारी झीज वेगळी आणि आमवात, म्हणजे रूमेटॉइड आर्थ्रायटिस, वेगळा. यात रोगप्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. बहुधा दोन्ही हातांची बोटं, मनगटं आणि पावलं सुजतात. तो तिशी-चाळिशीतही सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना दुपटी-तिपटीनं जास्त होतो.

दुखण्यानं झोप तुटते. झोप अपुरी झाली की दुसऱ्या दिवशी तेच दुखणं जास्त जाणवतं. म्हणून हालचाल कमी होते, दुपारी लांब झोप काढली जाते आणि रात्री पुन्हा डोळा लागत नाही. झोप काही हुकमानं येत नाही. चालणं मात्र ठरवून करता येतं, म्हणून हे चक्र तिथून तोडायचं. ‘सांधे जपा, आराम करा’ हा सल्ला आता मागे पडला आहे. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ साली नियमित व्यायाम हा उपचाराचाच भाग मानावा, असं सांगितलं. चालण्यानं थकवा कमी व्हायला आणि झोप सुधारायला मदत होते. शिवाय आमवातात हृदयविकाराचा धोका वाढलेला असतो, त्यासाठीही चालणं हवंच.

फक्त वेळ बदला. फिरायचं म्हणजे पहाटे, हे आपल्याकडे पक्कं बसलंय. आमवातात मात्र दाह वाढवणारी काही द्रव्यं शरीरात पहाटेच वाढतात. सांधे आखडलेले असतात आणि मोकळे व्हायला अर्धा-एक तास, कधी त्याहूनही जास्त लागतो. तेव्हा ओढून बाहेर नेलं तर दुसऱ्या दिवशी ती येणारच नाही. सांधे मोकळे झाल्यावर, किंवा संध्याकाळी ऊन उतरल्यावर निघा. उन्हाळ्यात गच्ची किंवा घरातला लांब पॅसेजही चालेल.

सुरुवात १० मिनिटांनी करा. हळूहळू आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत जायचं, तेही तुकड्या-तुकड्यांनी. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतपत वेग पुरे. चालून दोन तास झाल्यावरही दुखणं आधीपेक्षा जास्त असेल, तर उद्या थोडं कमी चाला. सांधे लाल, गरम होऊन सुजले असतील त्या दिवसांत फेरी थांबवा, हलकी हालचाल मात्र चालू ठेवा. चपलेऐवजी मऊ तळाचे, पुढे रुंद असलेले बूट घ्या. आणि घड्याळातल्या १०,००० पावलांच्या मागे लागू नका. तो आकडा १९६५ साली जपानात विकायला आलेल्या पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आलाय, डॉक्टरांच्या चिठ्ठीतून नव्हे.

झोपेसाठी उठायची वेळ रोज एकच ठेवा. दुपारची झोप अर्ध्या तासाच्या आत, संध्याकाळनंतर चहा-कॉफी नको. झोपण्यापूर्वी गरम पाण्यानं अंघोळ केली तर सांधे सैल होतात. स्टेरॉइडची गोळी रात्री घेतली तर झोप उडू शकते, तिची वेळ डॉक्टरांना विचारा. मोठ्यानं घोरणं, झोपेत श्वास अडकणं असेल तर तेही त्यांना सांगा. मात्र फिरणं हा औषधाला पर्याय नाही. आमवात आटोक्यात ठेवणारी औषधं परस्पर बंद केली, तर सांधे कायमचे वाकडे होऊ शकतात.

आता आपलं काम. आईला ‘रोज चालत जा’ असा व्हॉट्सअॅपवर निरोप पाठवून ती चालत नाही. भाजी आणायला तिला बरोबर घ्या, पिशवी तुम्ही धरा आणि चाल तिची ठेवा. एका कामात दोन्ही साधतं, आणि त्या १० मिनिटांत ती घरात कधी न सांगितलेलं बरंच काही सांगते.