मानेमागची उशी



गेल्या महिन्यात एका निकाहहून परतताना आमची गाडी टोलनाक्याच्या रांगेत उभी होती. मागून टेम्पो धडकला. बंपर चेपला, बाकी काही नाही. अल्लाहचे शुक्र अदा करून घरी आलो. दुसऱ्या दिवशी फजरला उठल्यावर मोठ्या आपांना सलाम फेरताना मान वळवता येईना. अजून त्यांच्या गळ्यात पट्टा आहे.

आपा मधल्या रांगेत होत्या. त्यांच्या सीटची डोक्यामागची उशी आम्हीच काढून डिकीत टाकली होती. का, तर मागच्या रांगेतल्या मुलांना पुढचे दिसत नाही!

आपण तिला आरामाची वस्तू समजतो. मागून धडक बसली की सीट पाठीला पुढे ढकलते, डोके मात्र जागच्या जागी राहते, आणि मधल्या मध्ये मान पिळवटते. डोक्याला मागे जाऊ न देणे हे त्या उशीचे काम. अमेरिकेत नव्या मोटारींच्या पुढच्या सीटना ती 1969 पासून सक्तीची आहे.

स्वीडनच्या व्होल्वो कंपनीने 1998 मध्ये आणखी एक पाऊल टाकले. त्यांच्या सीटची पाठ धडकेच्या वेळी माणसासकट थोडी मागे सरकते, मग किंचित कलते. बिजागरीतला धातूचा तुकडा वाकतो आणि धक्क्याची ऊर्जा त्या वाकण्यात खर्च होते. वाकलेला भाग नंतर बदलावा लागतो; म्हणजे मानेऐवजी तोच मोडतो. नववीच्या मुलांना आम्ही हेच क्रिकेटच्या कॅचवरून शिकवतो. चेंडूबरोबर हात मागे ओढला की तळवा झिणझिणत नाही. वर्गात शिकवायचे आणि गाडीत उशी काढून ठेवायची, असे आमचे शहाणपण!

सफरची दुआ आम्ही त्या दिवशीही पढलो होतो. उंट बांधायचा राहिला होता.

तर उशी तपासा. तिचा वरचा काठ डोक्याच्या माथ्याइतका उंच हवा. मानेशी अडकलेली उशी धड आधार देत नाही. डोके आणि उशी यांत अंतर जितके कमी तितके बरे. पाठीमागे जाड तक्के ठेवले की हे अंतर वाढते, तेही काढा.

आपांची उशी पुन्हा जागेवर बसवली आहे. मुले कुरकुरतात. त्यांना खिडकीतून बाहेर बघायला सांगितले आहे.