निबंध उतरवायला देऊ नका, मुलाजवळ बसा



आपण मुलांना 'पावसाळ्यातील एक दिवस' हा नमुना निबंध देतो आणि चाळीस वह्यांत तोच पाऊस पडतो. खरं सांगा, त्यात मुलाचं स्वतःचं काय असतं?

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोमध्ये '826 व्हॅलेन्सिया' हे मुलांचं लेखन केंद्र आहे. लेखक डेव्ह एगर्स आणि शिक्षिका निनिवे कॅलेगरी यांनी ते 2002 मध्ये सुरू केलं. ती जागा दुकानासाठीच होती, म्हणून पुढे चक्क समुद्री चाच्यांच्या सामानाचं दुकान थाटलं आणि मागे मुलं लिहू लागली. तिथे पैसे घेत नाहीत. स्वयंसेवक एकेका मुलाजवळ बसतात आणि मुलांच्या लेखनाची पुस्तकं छापली जातात.

आपल्याला दुकान नको, इमारतही नको. शनिवारी शाळा सुटल्यावर वर्गातच एक तास पुरे. गावातले निवृत्त गुरुजी, एखादी आई, कॉलेजातली ताई यांना बोलवा. "पावसात तुमचं घर कुठे गळतं? तेव्हा आई काय करते?" एवढंच विचारा. मूल बोललं की म्हणा, "आता हेच लिही." शुद्धलेखन नंतर पाहू. वर्षाअखेरीस सगळ्यांचं हस्तलिखित काढा, त्यात प्रत्येकाचं नाव असू द्या.

परीक्षेतल्या गुणांची काळजी मलाही आहे. पण पाठ केलेला निबंध विषय बदलला की कोसळतो; स्वतःचं लिहायची सवय झालेलं मूल सहसा अडत नाही.

नमुना निबंध जरूर वाचून दाखवा. मग तो मिटून ठेवा आणि मुलाच्या हाती कोरी वही द्या.