‘नेक्स्ट... नेक्स्ट... नेक्स्ट’ला करा बाय-बाय!

कॉम्प्युटरवर नवं विंडोज टाकताना आपला वेळ नक्की कशात जातो? फाइल्स कॉपी होण्यात? छे! ते काम मशीन एकटंच करतं. आपण अडकतो ते समोर बसून. भाषा कोणती? कीबोर्ड कोणता? अटी मान्य? एखादं मशीन असेल तर ठीक, पण वीस असतील तर? विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून माझ्या ओळखीतले कितीतरी ‘आयटीवाले’ याच कामाला जुंपलेत.

यावरचा जालीम उपाय म्हणजे आन्सर फाइल. पेपर आधीच हातात आणि उत्तरंही लिहून तयार! एक्सपीच्या जमान्यात ही साधी टेक्स्ट फाइल असायची. व्हिस्टापासून ती एक्सएमएल झाली. तिला ‘ऑटोअनअटेंड डॉट एक्सएमएल’ हे नाव द्यायचं आणि विंडोजच्या सेटअपवाल्या पेन ड्राइव्हवर, कुठल्याही फोल्डरमध्ये न घालता, ठेवायची. सेटअप तिला आपणहून शोधतो. फाइल बनवायला मायक्रोसॉफ्टचं ‘विंडोज सिस्टिम इमेज मॅनेजर’ फुकट मिळतं. लिनक्सवाल्यांनी नाराज व्हायचं कारण नाही. रेड हॅटकडे ‘किकस्टार्ट’ आहे, डेबियनकडे ‘प्रीसीड’.

मग तुम्ही मस्त चहा प्यायला मोकळे! पण थांबा. प्रश्न विचारले जात नाहीत, याचा अर्थ ‘नक्की ना?’ हेही कुणी विचारत नाही. फाइलमध्ये ‘पहिली डिस्क पुसा’ असं लिहिलं असेल, तर त्या पेन ड्राइव्हवरून सुरू झालेल्या कुठल्याही मशीनची डिस्क साफ! मग ते नवंकोरं असो, नाहीतर बॉसच्या लेकीच्या बारशाचे फोटो असलेलं.

म्हणून माझा सल्ला : बाकी सगळी उत्तरं बिनधास्त लिहा, डिस्कचं तेवढं कोरं सोडा. सेटअप तिथे थांबून विचारतो. एक क्लिक वाढेल, पण डेटा वाचेल.

आणि हो, अ‍ॅडमिनचा पासवर्ड! ‘लपवा’ म्हटलं तरी तो फाइलमध्ये फक्त वेगळ्या अक्षरांत लिहिला जातो, त्याला कुलूप लागत नाही. जाणकाराला तो मिनिटात वाचता येतो. तेव्हा फाइलमध्ये तात्पुरता पासवर्ड ठेवा, काम झाल्यावर तो बदला आणि तो पेन ड्राइव्ह टेबलावर पडू देऊ नका.

सगळं मशीनवर सोपवा... पुसण्याचा निर्णय सोडून!