आंबोळगडच्या वाळूत ओकिनावा

समुद्रावर जाताना हलकंफुलकंच वाचावं, हा फतवा कोणी काढला? दर एप्रिलमध्ये तो रविवारच्या पुरवण्यांतून निघतो, रिसॉर्टच्या जाहिरातींतून निघतो, आणि वर्षातून चार दिवस वाचक होणाऱ्या मंडळींच्या तोंडून तर वेदवाक्य म्हणून निघतो. डोक्याला ताप नको, दुःख नको, जाडजूड तर काहीच नको. म्हणजे सुट्टीला निघताना मेंदू कुलपात ठेवायचा आणि डोळ्यांना चघळायला काहीतरी द्यायचं. वर्षभर अवघड ग्रंथांशी झटापट करून दमलेल्या माणसाने असं म्हटलं असतं, तर मी समजू शकले असते. पण फतवा काढणारे उरलेले अकरा महिने मोबाइलवर अंगठा सरकवण्यापलीकडे काही वाचत नाहीत. यांना विश्रांती हवी आहे ती नेमकी कशापासून?

मी बोलते आहे नाट्याबद्दल. रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापूर तालुक्यातलं, जैतापूरच्या खाडीच्या मुखाशी वसलेलं नाटे. खाडीवर नजर ठेवून असलेला यशवंतगड, पुढे मुसाकाजीचं बंदर, त्याच्या पलीकडे आंबोळगडची वाळू. साखरी नाट्याला बोटी लागतात, मासळीचा लिलाव होतो, बर्फ फुटत असतो, जाळी विणली जात असतात. इथे आता पाहुणे येतात. यावेत, अवश्य यावेत. त्यांच्या येण्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यांच्या बॅगेतल्या पुस्तकांबद्दल, आणि त्याहून जास्त ती पुस्तकं वाचायच्या पद्धतीबद्दल.

बॅगेतून हमखास निघणारं पुस्तक म्हणजे ‘इकिगाई’. दोन लेखक जपानमधल्या ओकिनावा बेटावरच्या ओगिमी नावाच्या खेड्यात गेले, तिथल्या म्हाताऱ्या माणसांना भेटले, तुम्ही काय खाता, दिवसभर काय करता, कशाच्या ओढीने सकाळी उठता हे त्यांना विचारलं आणि पुस्तक लिहिलं. पुस्तक जगभर खपलं. आता आमचा हा जिज्ञासू वाचक बघा. तो आंबोळगडला खुर्ची टाकून ओगिमीच्या आजीबाईंचं जीवनविषयक तत्त्वज्ञान पिवळ्या पेनाने रंगवतो आहे. एवढ्यात टोपलीत बांगडे घेऊन सत्तरी ओलांडलेली बाई समोर उभी राहते. तिला तो काय विचारतो? “कितीला?” तिने भाव सांगितला की घासाघीस सुरू. ओगिमीच्या आजीचं वाक्य अधोरेखित, नाट्याच्या आजीचे वीस रुपये कापलेले! अहो, त्या दोन लेखकांनी निदान परक्या किनाऱ्यावर जाऊन माणसांना प्रश्न विचारले. तुम्ही किनाऱ्यावर बसून त्यांची उत्तरं पाठ करता आहात आणि समोर उभ्या असलेल्या माणसाचं नावही तुम्हाला ठाऊक नाही. याला वाचन म्हणायचं?

आणि वाळूत बसून वाचायचं हे तरी कोणी शिकवलं? ही कल्पना ऊन दुर्मिळ असलेल्या देशांतली. तिथली माणसं सूर्य दिसला की अंग उघडं टाकून आडवी होतात, हातात कादंबरी धरतात, आणि त्यांचं ते बरोबर आहे. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी बाराला आंबोळगडच्या वाळूत पुस्तक उघडून बघा. कागदावरून उसळलेला उजेड डोळ्यांत घुसतो, घामेजलेली बोटं पानाला चिकटतात, वारा तुमच्या आधी पान उलटतो आणि वाळू शिवणीत जाऊन कायमचा मुक्काम करते. कोकणातला माणूस खुळा नव्हता. त्याने घराला ओटी काढली, पडवी काढली, कौलं उतरती केली, अंगण सारवलं. वाचायची जागा ती. वेळ पहाटेची, नाहीतर जेवण झाल्यावरची. समुद्रावर जावं संध्याकाळी, मोकळ्या हातांनी, पाण्याकडे आणि परतणाऱ्या बोटींकडे बघायला. पण पडवीत बसून वाचलं तर फोटोत समुद्र येत नाही! खरी अडचण ती आहे. पुस्तक, दोन पावलं आणि मागे लाटा, एवढी सामग्री जमली की यांचा स्वाध्याय संपला.

या निर्बुद्ध पंथाच्या पलीकडे दुसरा एक पंथ आहे. तो स्वतःला रसिक समजतो, म्हणून त्याचा मला जास्त राग येतो. हे कोकणप्रेमी. यांच्या बॅगेत कोकणातलीच पुस्तकं असतात: श्री. ना. पेंडसे, गो. नी. दांडेकर, जयवंत दळवी, पु. ल. देशपांडे. नावं पहिल्या पंगतीची. पण परतताना विकत घ्यायची कोकम सरबताची बाटली आणि ही पुस्तकं यांत त्यांना फरक कळत नाही. दोन्हींतून त्यांना फक्त गोडवा हवा असतो. कोकणातली माणसं कशी साधी, कशी इरसाल, कशी बाहेरून काटेरी आणि आतून रसाळ! पु. लं.चा ‘अंतू बर्वा’ तोंडपाठ, टाळ्या कुठे घ्यायच्या हेही पाठ. मात्र त्या म्हाताऱ्याच्या प्रत्येक तिरकस वाक्याखाली दारिद्र्य आणि एकटेपण आहे, हे यांना दिसत नाही. हसता हसता गळा दाटून यावा म्हणून लिहिलेलं व्यक्तिचित्र यांनी विनोदांच्या संग्रहात जमा करून टाकलं.

पेंडशांची ‘गारंबीचा बापू’ १९५२ साली आली. गावाने ओवाळून टाकलेला पोरगा त्याच गावाच्या नाकावर टिच्चून उभा राहतो, अशी ती कादंबरी. तिच्यात गावाचं कौतुक कुठे आहे? दांडेकरांची ‘पडघवली’ १९५५ची. एक गाव डोळ्यांदेखत कसं विस्कटत जातं याची ती कहाणी. तिच्यात निसर्ग भरपूर आहे, सांत्वन नाही. पेंडशांच्याच ‘रथचक्र’ला १९६३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. नवरा सोडून गेलेल्या बाईने पोरांच्या शिक्षणासाठी केलेली ती झुंज आहे. आणि त्यांचीच, १९८७ साली दोन खंडांत आलेली ‘तुंबाडचे खोत’? एका खोत घराण्याच्या चार पिढ्यांचा माज, वासना, ऱ्हास. यातलं एकही पुस्तक तुमच्या सुट्टीला खुलवण्यासाठी लिहिलेलं नाही. ती वाचून तुमची झोप उडाली पाहिजे. ती वाचून तुम्ही ‘कित्ती छान’ म्हणत असाल, तर तुम्ही पानं उलटलीत, एवढंच.

‘तुंबाडचे खोत’ घेऊन येणाऱ्याला मी एक प्रश्न हमखास विचारते. खोतांच्या कुळांचं काय झालं? पुस्तकात खोत भव्य आहेत, त्यांचे वाडे भव्य आहेत, पापंही भव्य आहेत. पण त्या वाड्यांचं धान्य पिकवत कोण होतं? १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. त्यांचं मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं. १० जानेवारी १९३८ला कोकणातली कुळं मुंबईत विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेली. कायदा व्हायला १९४९ उजाडलं. ही एवढी गोष्ट शेजारी ठेवून पेंडसे वाचा. कादंबरी दुप्पट मोठी होते, तिच्या प्रत्येक मेजवानीत वाढणारे हात दिसू लागतात. पण रसिकांना शास्त्रार्थ चालतो, हिशेब चालत नाही.

आणि या रसिकांच्या बॅगेत मला आजवर न दिसलेलं पुस्तक म्हणजे हमीद दलवाईंचं ‘इंधन’. दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. कादंबरी १९६५ची. बऱ्याच वर्षांनी गावी परतलेला माणूस आपलं गाव बघतो: मुसलमान, ब्राह्मण, कुळवाडी, महार, सगळे एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखणारे, आणि तरी एका ठिणगीने सगळं पेटतं. कोणत्याही समाजाला तो लेखक सूट देत नाही, स्वतःच्या तर अजिबात नाही. साखरी नाट्याला जाऊन या. तिथला समुद्र कसणारी बहुतेक माणसं मुसलमान मच्छिमार आहेत. ‘कोकण’ म्हटल्यावर फक्त आमराई, पागोळ्या आणि धोतरातला विक्षिप्त म्हातारा डोळ्यांपुढे येणाऱ्यांच्या चित्रात ही माणसं कुठे आहेत? ती पकडतात ती सुरमई ताटात असते, ती स्वतः नसतात. ‘इंधन’ पडवीत बसून वाचावं आणि मग बंदरावर जावं. तेच बंदर वेगळं दिसतं की नाही, ते बघा.

नाट्याला विसरून चालणार नाही अशी एक तारीख आहे: १८ एप्रिल २०११. जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनात इथे पोलिसांचा गोळीबार झाला आणि एक माणूस प्राणाला मुकला. फुकुशिमाच्या अपघाताला तेव्हा सव्वा महिना झाला होता. खाडीपलीकडच्या माडबनच्या सड्यावर प्रत्येकी १६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या, एकूण ९९०० मेगावॅट, असा तो बेत. मच्छिमारांचा सवाल रोखठोक होता: भट्ट्या थंड करून बाहेर पडणारं गरम पाणी समुद्रात सोडलं, तर मासळी कुठे जाईल? प्रकल्पाच्या बाजूने बोला, विरोधात बोला. माणसं दोन्हीकडची आहेत आणि दोन्हीकडची मतं ऐकण्याजोगी आहेत. पण त्याच खाडीच्या काठी चार दिवस राहून, ‘शांतता काय सुंदर आहे’ म्हणत परत जाणाऱ्या आणि वर स्वतःला वाचक म्हणवणाऱ्या माणसाला मी काय म्हणू?

मला ठाऊक आहे, आता कोणीतरी कपाळाला आठ्या घालून म्हणणार, “बाई, सुट्टीत तरी हसू द्या हो!” हसा की. जयवंत दळवींचं १९६४चं ‘सारे प्रवासी घडीचे’ घ्या. पोट धरून हसाल, आणि हसत असतानाच माणसाच्या क्षुद्रपणाचं आणि मोठेपणाचं असं दर्शन होईल की पुस्तक मिटून थोडा वेळ गप्प बसाल. पातळ पुस्तक हवं? विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ घ्या. पेणजवळच्या वरसईचा हा गरीब भिक्षुक दक्षिणा मिळवायला १८५७ साली उत्तरेत जायला निघाला आणि थेट बंडाच्या धुमश्चक्रीत सापडला; झाशीचा पाडाव त्याने आत राहून पाहिला. पुस्तक छापून आलं १९०७ साली. मजा, भीती, उपास, लूट, भाबडेपणा, सगळं आहे त्यात. असं पुस्तक मराठीत असताना विमानतळावरच्या रॅकमधून यशाच्या सात पायऱ्या विकत घेणाऱ्याची मला कीव येते. जड आणि हलकं ही भांडणं माझी नाहीत. माझं भांडण पोकळ पुस्तकांशी आहे.

“पण इथे खेड्यात वाचायला काय मिळणार?” हेही विचारतात, आणि विचारताना मान किंचित तिरकी करतात. ऐकून ठेवा. याच जिल्ह्यात, रत्नागिरीत, १८२८ साली वाचनालय निघालं. मराठीतलं पहिलं वृत्तपत्र ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ला मुंबईत सुरू झालं, आणि ते काढणारे बाळशास्त्री जांभेकर इथून दक्षिणेला, देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. ज्या भूमीने मराठी माणसाच्या हातात पहिलं वर्तमानपत्र ठेवलं, तिथे येऊन वाचायला काय मिळणार असं विचारायचं? राजापुरात, रत्नागिरीत वाचनालयाची पायरी चढा. तिथल्या ग्रंथपालाला विचारा. तो तुम्हाला अशी चार नावं सांगेल जी कोणत्याही पुरवणीच्या यादीत नाहीत.

तेव्हा निवड सोपी आहे. दोन पुस्तकं आणा, दहा नकोत. त्यातलं एक या किनाऱ्याचं असू द्या आणि दुसरं तुम्हाला गेली काही वर्षं घाबरवत असलेलं असू द्या. चार दिवस फोन बाजूला पडला तर तेही हाती लागेल. पुस्तक पारखायची माझी कसोटी एकच आहे. ते मिटल्यावर, ज्यांच्या घरी तुम्ही उतरला आहात, ज्यांच्या हातचं जेवता आहात, त्यांना विचारावासा एक तरी खरा प्रश्न तुमच्याकडे असला पाहिजे, आणि त्याचं उत्तर ऐकायला तुमच्याकडे सवड असली पाहिजे. चार दिवस ज्या गावचं मीठ खाल्लं, त्या गावाबद्दल जसा आला तसाच अडाणी परत जाणारा माणूस हातात कोणतंही पुस्तक मिरवो, मी त्याला वाचक म्हणणार नाही.