गाडी सोडायला शिका

मुंबईहून परत आलेला विद्यार्थी आपल्या कॉलेजच्या कट्ट्यावर लगेच ओळखू येतो. तो समुद्राबद्दल बोलत नाही, लोकलबद्दल बोलतो. 'एका पायावर दारात लटकत आलो!' हे वाक्य तर पराक्रमाच्या यादीत जाऊन बसले आहे. मित्रहो, हा पराक्रम नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे; आणि ते मी ठेच खाऊन बनवले आहे.

गेल्या वर्षी एका मुलाखतीच्या निमित्ताने अस्मादिक मुंबईस गेले होते. संध्याकाळी दादरहून अंधेरीला मावशीकडे जायचे होते. विरारची जलद गाडी समोर आली. ती अंधेरीला थांबते एवढे कळले आणि दिले स्वतःला गर्दीत झोकून! माझ्या मागचे एक गृहस्थ पिशवी सांभाळीत फलाटावरच राहिले. आत शिरणे सोपे होते. ते काम मागचे लोक करतात. बाहेर पडणे मात्र जमेना. अंधेरी आली, आणखी माणसे आत घुसली, अंधेरी गेली.

शेजारच्या वयस्क प्रवाशाने विचारले, "कुठं उतरायचं होतं, बाळा?"

"अंधेरीला."

"मग या गाडीत कशाला चढलास? तुला अंधेरीची चालते, बोरिवलीची चालते. विरारच्या माणसाला हीच."

बोरिवलीला उतरून मी परत फिरलो, पण ते शब्द मनातून जाईनात. फलाटावर राहिलेले ते गृहस्थ विरारचेच असतील का?

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी गेली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी कुर्ल्यापर्यंत विजेची गाडी धावली. आज लोकलची वाट डहाणू, कसारा, खोपोली, पनवेलपर्यंत पोचली आहे. एवढ्या लांबून कोणी रोज हौसेने येत नाही. उशीर झाला तर त्याच्या पगाराला कात्री लागते. आपण पाहुणे, आपले फार तर मावशीकडचे जेवण थंड होते. म्हणून गर्दीत कसे घुसावे हे पाहुण्याला शिकवू नये. गाडी सोडायला शिकवावे.

सकाळी दक्षिणेकडे आणि संध्याकाळी उत्तरेकडे लोंढा असतो. ती वेळ शक्यतो टाळावी. जवळ उतरायचे असेल तर लांबची गाडी धरू नये. इंडिकेटरवर गाडी कुठली, धीमी की जलद आणि किती डब्यांची हे आधी वाचावे. बारा डब्यांची गाडी पंधरा डब्यांच्या फलाटावर शेवटपर्यंत पोचत नाही, आणि मग नवख्याची धावपळ होते. महिलांचा, दिव्यांगांचा व पहिल्या वर्गाचा डबा ओळखून ठेवावा. पाठीवरची पिशवी पोटाशी घ्यावी. आपले स्टेशन कोणत्या बाजूला येते हे शेजाऱ्याला विचारावे आणि आधीपासून त्या दाराकडे सरकावे. मुंबईकर रागीट दिसतो, पण विचारले तर सांगतो. घरच्या वडीलधाऱ्यांचे जुने सल्लेही तपासून घ्यावेत. व्ही.टी.चे नाव १९९६ मध्ये बदलले, एल्फिन्स्टन रोडचे २०१८ मध्ये प्रभादेवी झाले, आणि दादरच्या दोन्ही मार्गांच्या फलाटांना डिसेंबर २०२३ पासून सलग क्रमांक आहेत.

कोणी म्हणेल, गर्दी हा रेल्वेचा प्रश्न. पाहुण्याने का सोसावे? खरे आहे. गाड्या वाढल्या पाहिजेत, दारे बंद झाली पाहिजेत. आपोआप बंद होणाऱ्या दारांची वातानुकूलित लोकल २५ डिसेंबर २०१७ रोजी सुरू झाली, पण उघड्या दारांच्या गाड्या अजून धावत आहेत. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ धावत्या लोकलच्या दारांतून माणसे पडली आणि काहींचे प्राण गेले. ती हौसेने लटकत नव्हती. आत जागाच नव्हती!

म्हणूनच कट्ट्यावरच्या त्या फुशारकीची मला लाज वाटते. ज्याला दारात लटकल्यावाचून गत्यंतर नाही, त्याच्या संकटाची आपण गंमत करतो. पुढची गाडी थोड्या वेळात येते. फलाटावर उभे राहून एक गाडी जाऊ द्यावी. आपल्या जागी कुणीतरी घरी पोचेल.