पोकळ शिशाचे सैनिक आणि खरे युद्ध

१/ खेळण्यातले सैनिक मुलांना युद्धखोर बनवतात, हा आक्षेप जुना आहे. मला तो अर्धवट वाटतो. का, ते या छंदाच्या इतिहासातूनच पाहू.

२/ १८९३ साली लंडनच्या विल्यम ब्रिटन कंपनीने पोकळ ओतकामाचे सैनिक बाजारात आणले. वितळलेले मिश्र शिसे साच्यात ओतायचे आणि बाहेरचा थर गोठताच आतला रस काढून घ्यायचा. धातू वाचला, किंमत उतरली आणि जर्मन सैनिकांना तुल्यबळ प्रतिस्पर्धी मिळाला.

३/ अशाच सैनिकांसाठी एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे नियमांचे पुस्तक लिहिले. प्रत्येक चालीला घड्याळाची मुदत; स्प्रिंगच्या तोफेचा लाकडी गोळा ज्याला पाडेल, तो मेला. या खेळातले गोंधळ अनुभवले की खरे महायुद्ध किती मूर्खपणाचे ठरेल हे उमगते, असा त्यांचा युक्तिवाद होता.

४/ पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि त्याच वेल्स यांनी त्याच्या समर्थनार्थ लेखणी उचलली!

५/ म्हणूनच माझे मत असे : हा खेळ कुणाला युद्धखोर करत नाही, तसा आपोआप शहाणाही करत नाही. क्रिमियन युद्धात ब्रिटिश सैनिक जखमांपेक्षा रोगराईने अधिक मेले. पटावर मात्र रोगराई नसते. ती वाचनातूनच कळते.

६/ तेव्हा सैनिक जरूर जमवा, डाव जरूर मांडा. फक्त जी लढाई मांडाल, तिच्यातील मृतांचा आकडाही शोधून वाचा.