पाहण्यांचे गाळप

साबण विकणारी कंपनी बाईला विचारते, धुणे घरी धुता की नदीवर, वडी किती दिवस पुरते? उत्तर नीट घेतले नाही तर माल गोदामात पडून राहील, ही धास्ती कंपनीला असते. सरकारला ती नाही. तरीही घरोघर जाऊन, खरी माहिती काढणारी सरकारी पाहणी बीड जिल्ह्यात एकदा झाली, हे नोंदवायला हवे.

ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढल्या जातात, ही कुजबुज २०१९ मध्ये विधिमंडळात पोहोचली. जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचे तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी सांगितले. आमदार डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ महिलांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे सहा जणींमागे एक.

कारण शोधायला संशोधक लागत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. पाळीच्या दिवसांत बाई कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीत, थांबली की खाडा पडतो आणि त्याचे पैसे कापले जातात. कोपीजवळ संडास नाही, पुरेसे पाणी नाही. अंगावर काढलेले दुखणे वाढले की दवाखान्यात सल्ला मिळतो, पिशवीच काढून टाका. मुलेबाळे झालेलीच असतात, हंगाम तोंडावर असतो. बाई होकार देते.

एवढे कळल्यावर सरकारने तातडीने काय केले? जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय ही शस्त्रक्रिया करू नये, असा आदेश काढला. आदेश योग्यच होता. पण दुखणे फडात आणि बंदोबस्त दवाखान्याच्या दारात, असा हा प्रकार. २०२४-२५च्या हंगामानंतर आरोग्य विभागाच्या तपासणीचे आकडे आले. ऊसतोडीला जाण्यापूर्वीच ८४३ महिलांचे गर्भाशय काढलेले होते आणि १,५२३ गरोदर महिला फडात राबत होत्या. पाहणी पुन्हा चोख झाली, एवढे समाधान आपण मानू शकतो.

बीडमध्ये माणसांची खरी पारख असते ती तोडणीला मजूर पुरवणाऱ्या मुकादमाला. कोणाच्या घरी लग्न निघाले आहे, कोणावर दवाखान्याचे कर्ज झाले आहे, कोण किती आगाऊ उचल घेईल, हे दसऱ्याच्या आत त्याच्या वहीत उतरलेले असते. कारण कोयता आला नाही तर त्याची उचल बुडते. मिळालेल्या माहितीवर तो त्याच आठवड्यात व्यवहार करतो. सरकार मिळालेल्या माहितीवर समिती नेमते आणि समितीच्या अहवालावर पुढची पाहणी करते. माहिती कमी पडली म्हणून या बायकांचे काही अडलेले नाही. ती कळूनही कोणाचे नुकसान होत नाही, इथे अडले आहे.

तेव्हा नवी पाहणी नको. कोणत्या कारखान्याने किती ऊस गाळला आणि उतारा किती पडला, हे साखर आयुक्तालयाकडे हंगामात रोजच्या रोज नोंदवले जाते. ऊसतोड कामगार महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घेण्याचे ठरले तेही याच टनांच्या हिशेबावर. त्याच तक्त्यात आणखी दोन रकाने घालावेत. कामगारांच्या तळावर चालू स्थितीतले संडास किती, आणि पाळी किंवा बाळंतपणासाठी किती बायकांचा खाडा माफ झाला? हे रकाने रिकामे ठेवणाऱ्या कारखान्याचा गाळप परवाना पुढच्या हंगामात अडवावा. मग कारखानदारही मुकादमाइतक्याच तत्परतेने माहिती गोळा करतील.